भोकं पाडणारी लेखणी

१८७५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात थॉमस एडिसन आणि त्याचा सहकारी चार्ल्स बॅचलर शाई नसलेली लेखणी घडवत होते. पोलादाची बारीक नळी, नळीच्या आत सुई आणि माथ्यावर बसवलेली विजेची इवलीशी मोटर. मोटर सुरू झाली की सुईचं टोक नळीबाहेर डोकावायचं आणि लगेच आत जायचं, सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. या लेखणीने कागदावर लिहिलं तर अक्षर दिसायचं नाही. अक्षराच्या वळणावरून बारीक भोकांची रांग तेवढी पडायची. कागद उजेडासमोर धरला की मात्र सगळा मजकूर लख्ख वाचता यायचा.

ही वस्तू कोणत्या काळातली आहे, हे लक्षात घेतलं की नवल आणखी वाढतं. एडिसनचा विजेचा दिवा आला १८७९ साली. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजकेंद्र सुरू झालं १८८२ मध्ये. म्हणजे लेखणी आली तेव्हा भिंतीत बटण नव्हतं, घरात तारा नव्हत्या, विजेचं बिल ही कल्पनासुद्धा नव्हती. वीज म्हणजे तारायंत्र, एवढंच लोकांना ठाऊक. अशा काळात एका माणसाने विजेची मोटर चिमटीत धरायला दिली, आणि तीही कारकुनाच्या हातात. विजेच्या मोटरवर चालणारं आणि अमेरिकेत मोठ्या संख्येने बनवून विकलं गेलेलं पहिलं साधन म्हणून या लेखणीचं नाव घेतलं जातं.

कुडाळात राहून ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो. या लेखणीचं मूळ काम केव्हाच संपलं, पण तिच्या पोटातली युक्ती आपल्या आसपास जिवंत आहे. जत्रेत आहे, सुताराच्या हातात आहे, एमआयडीसीतल्या बांबूच्या कामातही आहे. आपण तिच्याकडे त्या नजरेने पाहत नाही, इतकंच.

आधी तिचं पोट उघडून पाहू. माथ्यावर दोन छोटे विद्युतचुंबक, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार. तारेतून वीज गेली की लोखंड चुंबक होतं, वीज तोडली की ते चुंबकपण जातं. चुंबकांसमोर एक छोटं चाक, त्यावर लोखंडाची पट्टी. पट्टी चुंबकाजवळ यायला लागली की वीज मिळते आणि पट्टी ओढली जाते. अगदी समोर आली की वीज तुटते आणि चाक आपल्याच वेगाने पुढे सरकतं. हे जोडणं-तोडणं चाकाचा आस स्वतःच करतो. आता हा आस गोल फिरतोय आणि सुई तर वरखाली जायला हवी. त्यासाठी आसावर मध्यबिंदूपासून सरकवलेला एक उंचवटा. फिरता फिरता तो सुईच्या दांड्याला खाली दाबतो, वर उचलतो. शिवणयंत्राच्या पोटात जे घडतं तेच इथे बोटभर जागेत घडतं.

वीज यायची टेबलावर ठेवलेल्या दोन काचेच्या बरण्यांतून. बरण्यांत आम्ल, आम्लात जस्त आणि कोळशाच्या पट्ट्या. काम नसेल तेव्हा पट्ट्या आम्लातून वर उचलून ठेवायच्या, नाहीतर जस्त फुकट विरघळायचं. बरण्यांपासून लेखणीपर्यंत लवचीक तार. लेखणी जवळजवळ उभी धरावी लागे, कारण तिरकी धरली तर सुई कागदात आडवी घुसून तो फाडणार. डोक्यावर मोटरचं ओझं, हाताला सतत थरथर. अशा लेखणीने सुबक अक्षर काढायला सराव लागत असणार.

पण एवढा खटाटोप करून भोकं कशासाठी? प्रतींसाठी. एका मजकुराच्या शंभर प्रती हव्या असतील तर त्या काळी मुख्यतः दोन वाटा होत्या: छापखाना गाठा, नाहीतर कारकुनांना बसवून शंभर वेळा लिहून घ्या. एडिसनने वेगळी वाट काढली. भोकं पाडलेला कागद चौकटीत ताणायचा, खाली कोरा कागद ठेवायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. जिथे भोक तिथून शाई खाली झिरपते, बाकी कागद तिला अडवतो. खालच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यांनी बनलेलं तुमचंच अक्षर उमटतं. खालचा कागद बदला, रूळ पुन्हा फिरवा. एकाच मूळ कागदावरून हजारो प्रती निघतात, अशी या लेखणीची जाहिरात होती. एडिसनला भोकांचं महत्त्व नव्याने कळलं नव्हतं. त्याआधीची काही वर्षं तो अतिजलद तारायंत्रावर काम करत होता. त्या यंत्रात संदेश आधी कागदाच्या पट्टीवर भोकांच्या रूपात पाडून घेत आणि मग ती पट्टी यंत्रातून वेगाने पळवत. भोक म्हणजे संदेश, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं.

भोकांच्या रांगेऐवजी अक्षर सरळ कापूनच का काढत नाहीत, असं वाटेल. आपला ‘ठ’ घ्या. त्याची गोल रेघ चाकूने कापली तर आतला कागदाचा तुकडा सुटून खाली पडेल आणि शाईचा नुसता काळा गोळा उमटेल. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘म’ यांच्या पोटांचं तेच होणार. पत्र्याचे साचे कापून गोणींवर नावं रंगवणारे म्हणूनच अक्षराच्या रेघेत मधे मधे जोड सोडतात. पण रेघ भोकांची असेल तर दोन भोकांच्या मधला कागदाचा धागा पोटातला तुकडा धरून ठेवतो. अशा शेकडो धाग्यांवर ‘ठ’चं पोट तरंगत राहतं आणि डोळा मात्र ठिपके जोडून अखंड रेघ पाहतो.

यासाठी भोकं जवळजवळ हवीत, आणि मोटरचं खरं काम इथेच आहे. लिहिताना हात सेकंदाला साधारण अडीच सेंटिमीटर सरकतो असं धरू. तेवढ्यात पन्नास भोकं पडली तर दोन भोकांत अंतर राहतं अर्धा मिलिमीटर. साध्या सुईने, हाताने हे करायला गेलं तर एका ओळीला किती वेळ लागेल याचा विचार करा. शिवाय माणसाचा हात एकसारखा टोचू शकत नाही. थकतो, चुकतो, कुठे दाट कुठे विरळ करतो. एडिसनने कामाची वाटणी केली. टोचण्याचा वेग आणि ताल यंत्राकडे, रेघेचं वळण माणसाच्या मनगटाकडे. तोवर बहुतेक यंत्रं जागेवर ठाम उभी असत आणि काम त्यांच्यापर्यंत न्यावं लागे. या लेखणीत यंत्र कामाकडे गेलं, आणि कुठे जायचं ते हाताने ठरवलं. हातात धरून चालवायच्या विजेच्या सगळ्या हत्यारांचं मर्म माझ्या मते या वाटणीत आहे.

८ ऑगस्ट १८७६ रोजी एडिसनला या लेखणीचं आणि प्रती काढण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, क्रमांक १८०८५७. कचेऱ्यांत, विमा कंपन्यांत, वकिलांकडे लेखणी पोचली. अमेरिकेबाहेरही गेली; ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरॉलनेही ती घेतली होती. मग हळूहळू मागे पडली, आणि त्यात आम्लाच्या बरण्यांचा मोठा वाटा होता. तारखात्यातल्या माणसाला त्या बरण्या रोजच्या. पण पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाने आम्ल ओतायचं, जस्त बदलायचं, डाग सांभाळायचे, हे कोण किती दिवस करणार? कल्पना काळाच्या पुढे गेली होती आणि तिला लागणारी वीज मागे राहिली होती.

मोटर गळाली, भोकं राहिली. डेव्हिड गेस्टेटनर या हंगेरीहून लंडनला आलेल्या माणसाने १८८१ च्या सुमारास लेखणीच्या टोकाला दाते असलेलं बारीक चाक बसवलं. मेण लावलेल्या कागदावर ते फिरवलं की विजेवाचूनच भोकं पडत. एडिसननेही पुढे कागदाखाली खरखरीत पोलादी पाटी ठेवून वरून बोथट टोकाने लिहिण्याची पद्धत काढली. त्याच्या पेटंटांचे हक्क घेऊन शिकागोच्या ए. बी. डिक यांनी १८८७ मध्ये मिमिओग्राफ बाजारात आणला. हे डिक इमारती लाकडाचे व्यापारी. धंद्यातली तीच ती पत्रकं लिहून लिहून कंटाळले, म्हणून त्यांना प्रती काढायचं यंत्र हवं होतं.

यातूनच आपल्याकडचं सायक्लोस्टाईल आलं. ज्यांची शाळा झेरॉक्सच्या आधीची आहे, त्यांना चाचणी परीक्षेच्या त्या प्रश्नपत्रिका आठवत असतील: मऊ, शाई पिणारा कागद, फाटलेल्या वेलांट्या आणि एखाद्या कोपऱ्यात भला मोठा काळा डाग. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करून स्टेन्सिलवर, म्हणजे मेण लावलेल्या कागदावर, अक्षरं ठोकत. ठोक्याने तिथलं मेण हटे आणि तेवढ्याच जागेतून शाई पाझरे. चूक झाली तर लाल द्रवाचा थेंब लावून भोक बुजवायचं. १९४२ च्या लढ्यात भूमिगत पत्रकं याच यंत्रांवर निघाली, आणि १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांवर बंधनं आली तेव्हाही. छापखान्याला टाळं ठोकता येतं. एका खोलीत मावणारं, हाताने फिरवायचं सायक्लोस्टाईल शोधणं अवघड. विमा कंपनीच्या पत्रांसाठी निघालेली युक्ती इथवर आली, याचं मला फार मोल वाटतं.

सुई मात्र मोटरसकट भलतीकडेच गेली. न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओरायली नावाचा गोंदणारा होता. एडिसनच्या लेखणीत त्याला आपल्या धंद्याचं हत्यार दिसलं. कागद टोचणारी सुई कातडीही टोचू शकेल. फक्त तिला शाई पुरवायची सोय हवी. त्याने नळीत शाईची जागा केली आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी गोंदणाच्या विद्युत यंत्राचं पेटंट मिळवलं. त्याआधी गोंदण म्हणजे जगभर हाताचं काम. आपल्याकडे गोंदणाऱ्या बायका दोन-चार सुया एकत्र बांधत, काजळी कालवत आणि टोचता टोचता गाणी म्हणत, म्हणजे पोरीचं लक्ष दुखण्यावरून हटावं. आज्यांच्या हातांवरची तुळस, पाळणा, सीतेची पावलं, हनुवटीवरचे ठिपके असे एकेक टोचा मोजून आलेले आहेत.

आज जत्रेत गोंदणारा बसतो तो खाज्याच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या ओळीतच कुठेतरी. पुढ्यात नक्ष्यांची पाटी: ओम, त्रिशूळ, बदाम, ‘आई’. हातात घरघरणारं छोटं यंत्र. पुढच्या वेळी ते यंत्र नीट पाहा. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात दोन उभी वेटोळी दिसतील. हे जुन्या विजेच्या घंटीच्या तत्त्वावर चालतं. वीज आली की चुंबक पट्टी खाली ओढतो, पट्टी खाली गेली की वीज तुटते, स्प्रिंग तिला वर नेते, वर गेली की वीज पुन्हा जोडली जाते. घंटीत त्या पट्टीला टोला असतो, इथे सुई. दुसऱ्या प्रकारात गोल फिरणारी छोटी मोटर आणि तिच्या आसावर मध्यापासून सरकवलेली खुंटी असते. हा दुसरा प्रकार म्हणजे थेट १८७५ ची लेखणी. टेपरेकॉर्डरमधून काढलेल्या मोटरवर कुणी असं यंत्र जुळवतो तेव्हा तो नकळत एडिसन आणि बॅचलर यांचीच रचना पुन्हा बांधत असतो.

गोंदण टिकतं कसं, हेही कागदापेक्षा कमी अद्भुत नाही. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिनाभरात नवा होतो. शाई तिथेच राहिली असती तर पुढच्या जत्रेपर्यंत ‘आई’ पुसली गेली असती. म्हणून सुईला एक-दोन मिलिमीटर आत, खालच्या थरापर्यंत जावं लागतं. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी शाईचे कण परके म्हणून गिळतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत. शाई पोटात घेऊन त्या तिथेच बसून राहतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत पुढचं दाखवलं: अशी पेशी मरते तेव्हा शाई मोकळी होते आणि शेजारी आलेली नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. म्हणजे आजीच्या हातावरची तुळस एकाच जागी सत्तर वर्षं निपचित पडलेली नाही. पेशींच्या कित्येक पिढ्यांनी ती एकमेकींकडे सोपवली आहे.

एडिसनच्या स्वतःच्या हातावरही गोंदण होतं. विमा उतरवताना केलेल्या नोंदीत त्याच्या डाव्या हातावर पाच ठिपके असल्याचं लिहिलं आहे, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. ओरायलीच्या यंत्राशी त्याचा काही संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण ठिपक्यांनी लिहायचं यंत्र काढणाऱ्या माणसाच्या अंगावर ठिपकेच असावेत, हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

जत्रेतल्या गोंदणाबद्दल एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायला हवी. कागदाची सुई कागदाला काही देत नाही, कातडीची सुई देते. एकाच्या रक्तात बुडालेली सुई आणि तीच शाईची वाटी दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब आणि क, एचआयव्ही असे आजार जाऊ शकतात. नवी, आपल्यासमोर फोडलेली सुई आणि आपल्यापुरती वेगळी ओतलेली शाई, एवढं मिळत नसेल तर उठून यावं.

आता लाकूड. इथे सुईची युक्ती चालत नाही, आणि का चालत नाही ते समजणं फार मजेचं आहे. सुई काही काढून टाकत नाही. ती तंतू बाजूला सारते आणि वाट करते. कागद पातळ असल्यामुळे वाट उघडी राहते. कातडी लवचीक असल्यामुळे वाट मिटते आणि शाई आत राहते. लाकडात तसं घुसायला गेलं तर ते चिरतं. तिथे मधला माल कापून बाहेर आणावा लागतो, म्हणजे वरखाली नाही, गोल फिरणारं पातं हवं. आपल्याकडचे सुतार त्यासाठी गिरमिट वापरत, नाहीतर दोरीचा वेढा देऊन कमानीने फिरवायचा सामता. सामता पुढे-मागे फिरतो आणि त्याला दुसरा हात अडकतो. विजेची मोटर एकाच दिशेने अखंड फिरते आणि तो हात मोकळा होतो.

लेखणीच्याच वर्षी, १८७५ मध्ये, अमेरिकेतल्या कॅलामझू गावच्या जॉर्ज ग्रीनने दंतवैद्यासाठी दातात भोक पाडायच्या विजेच्या हत्याराचं पेटंट घेतलं होतं. त्याचीही अडचण तीच, बॅटरी. धातूत भोक पाडायचं तर मोटरला कितीतरी जास्त जोर लागतो, म्हणून त्यासाठी आणखी वीस वर्षं गेली. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या फाईन कारखान्याने १८९५ मध्ये हाताने धरायचं विजेचं ड्रिल केलं. वजन साडेसात किलो. छातीने रेटून चालवायचं ते अवजार. आज सुताराच्या पिशवीत दिसतो तो पिस्तुलासारखा आकार आणि बोटाखालचा घोडा ब्लॅक आणि डेकर या बाल्टिमोरच्या दोघा भागीदारांचा. त्याचं पेटंट १९१७ सालचं. त्यांच्याच कंपनीने १९६१ मध्ये तारेविना, बॅटरीवर चालणारं ड्रिल आणलं. एडिसनच्या लेखणीला बरण्यांनी बुडवलं होतं. शहाऐंशी वर्षांनी बॅटरी मुठीत मावली.

या ड्रिलची सगळ्यात नाजूक परीक्षा कुठे होते, असं मला विचाराल तर मी बांबूचं नाव घेईन. कुडाळच्या एमआयडीसीत कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था २००४ पासून आहे. आपल्या सिंधुदुर्गातला माणगा हा बिनकाट्याचा आणि बराचसा भरीव बांबू. बांधाबांधावर तो वाढतो. ताणाला चिवट, पण खिळा ठोकला तर उभा तडकतो. याचं कारण त्याच्या घडणीत आहे. दोन पेरांच्या मधे बांबूचे सगळे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, आणि झाडाच्या लाकडात गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या ज्या आडव्या पेशी असतात, त्या बांबूत नाहीतच. तंतूंना आडवं बांधून ठेवणारं काही नसल्यामुळे खिळ्याने एकदा फट पाडली की ती पेरापर्यंत पळते. वरच्या कातडीत वाळूतलं सिलिका असतं, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते आणि कामाच्या सुरुवातीला टोक घसरतं.

म्हणून बांबूत खिळा ठोकत नाहीत, आधी भोक पाडतात. जागा शक्यतो पेराजवळची, कारण आतल्या पडद्यामुळे तिथे तंतू एकमेकांना धरून असतात. पातं धारदार, फिरण्याचा वेग चांगला आणि हाताचा दाब हलका. दाब वाढला की पलीकडच्या बाजूने बाहेर पडताना पातं कातडीचा धलपा उडवतं. भोकातून मग बांबूचीच खुंटी नाहीतर लोखंडी बोल्ट जातो. जिथे छताचं वजन पेलायचं असतं आणि बांबू पोकळ असतो, तिथे बोल्ट ज्या कांड्यातून जातो त्याच्या पोटात सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात, म्हणजे बोल्ट आवळताना कांडं चेपत नाही. हे मिश्रण ओतण्यासाठीही त्याच ड्रिलने वरच्या अंगाला आणखी एक छोटं भोक पाडावं लागतं.